अद्ययावतीकरणानंतरचा रोजमेळ

लकडगंजातील एखाद्या लाकडाच्या वखारीत सकाळी हिशेबाचा संगणक सुरू करावा आणि त्याची चालच बदललेली दिसावी. पडदा बराच वेळ काळाच राहतो, नको असलेले प्रोग्रॅम आपोआप उघडतात. रात्रीच लिनक्सचे अद्ययावतीकरण झालेले असते आणि आज जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची अखेरची, २० तारीख! ‘सारे पुसून प्रणाली नव्याने टाका’ हा सल्ला अशा वेळी ऐकू नये. त्यात वर्षाचे हिशेबही पुसले जाऊ शकतात.

बँकेत ताळा जुळला नाही, तर खातेवही फाडत नाहीत. नवी नोंद कोणती, ते पाहतात. उबुंटूही असा रोजमेळ ठेवते. ‘व्हार’ फोल्डरातील ‘लॉग’मध्ये ‘एपीटी’ उघडल्यास, कोणत्या तारखेला कोणते पॅकेज बदलले, हे ‘हिस्ट्री’ फाइलमध्ये सापडते.

संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबल्यास ग्रबची यादी येते. तेथील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये मागील कर्नल सहसा राखलेले असते. ते निवडल्याने हिशेबाच्या फाइलींना धक्का लागत नाही. त्यावर काम सुरळीत चालले, तर दोष बहुधा नव्या कर्नलशी निगडित आहे. नको असलेले प्रोग्रॅम ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’मधून बंद करता येतात.

मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर टिपावा. पुढील अद्ययावतीकरणापूर्वी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. प्रत हाताशी असली, म्हणजे घाईचे निर्णय टळतात.