सैंधवाचा पुरावा

'द लेजंड ऑफ झेल्डा' ही निन्टेंडोची व्हिडिओ गेम मालिका 1986 पासून चालू आहे. हायरूलचे राज्य, लिंक नावाचा वीर, झेल्डा नावाची राजकन्या. नावे तीच, पण बहुतेक भागांत युग निराळे आणि माणसेही निराळी. मग आधीचा भाग कोणता आणि नंतरचा कोणता, यावर चाहते वर्षानुवर्षे हिरीरीने वाद घालत आले आहेत. खरा गुंता वाढला तो 1998 च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मुळे. त्याच्या शेवटी राजकन्या लिंकला बालपणात परत पाठवते आणि काळाला दोन फाटे फुटतात: वीर निघून गेलेला भविष्यकाळ आणि तो परतलेला भूतकाळ. इथवर आधार गेममध्येच आहे. पण 2011 साली जपानमध्ये निघालेल्या 'हायरूल हिस्टोरिया' या अधिकृत ग्रंथाने तिसरा फाटा जोडला, तो लिंक अखेरच्या लढाईत हरला असता तर काय, याचा. 'ऑकरिना'च्या कथेत असा पराभव घडतच नाही. जुने भाग कुठेतरी बसवायचे म्हणून काढलेली ही पळवाट दिसते. एखाद्या चाहत्याने ती सुचवली असती तर त्याला पुरावा मागितला गेला असता. प्रकाशकाचा शिक्का आहे म्हणून तिला सूट का द्यावी?

निर्मात्यांपेक्षा चाहत्यांना जास्त कळते का, असे कोणी विचारेल. पण निर्मात्यांचा शब्दही कुठे स्थिर आहे? 'हिस्टोरिया'त दोन्ही 'ओरॅकल' भागांनंतर येणारा 'लिंक्स अवेकनिंग' पुढे निन्टेंडोच्याच क्रमात त्यांच्या आधी गेला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गेम आधी खेळ म्हणून रचले जातात, कथा मागाहून येते, तेव्हा विसंगती शोधणे म्हणजे नसती उठाठेव. यातली पहिली बाब मान्य. तरीही गेममध्ये कथेचे दुवे सापडतातच; 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये लिंकच्या सामानातल्या सैंधवाचे वर्णन वाचावे. ते प्राचीन समुद्राचे मीठ आहे, असे तिथे चक्क लिहिले आहे. 'विंड वेकर'मध्ये हायरूल समुद्राखाली गेलेले असते, म्हणून हा गेमही 'विंड वेकर'च्याच फाट्यावरचा, असा तर्क निघाला. तर्क देखणा आहे, पण समुद्र काही एकदाच असू शकतो असे नाही. शिवाय 'विंड वेकर'मधले पक्षीरूपी रिटो हे जलचर झोरांचे वंशज, तर इथे रिटो आणि झोरा एकाच काळात नांदताना दिसतात. मिठाकडे बोट दाखवताना झोरांकडे काणाडोळा करणारा सिद्धान्त कच्चाच म्हणायचा.

2023 च्या 'टीअर्स ऑफ द किंगडम'मध्ये रौरू हा हायरूलचा पहिला राजा ठरतो आणि त्याच्याच काळात गॅनॉनडॉर्फ नावाचा एक खलनायक उगवतो; तोही 'ऑकरिना'तल्या गॅनॉनडॉर्फशी जुळत नाही. यावर चाहत्यांचा तोडगा असा, की जुने राज्य नष्ट झाले आणि ही दुसरी स्थापना आहे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनीही स्थापनेआधी विनाशाचा इतिहास असू शकेल, असे केवळ शक्यता म्हणून बोलून दाखवले. मला मात्र यात धोका दिसतो, कारण न जुळणारी कोणतीही गोष्ट त्या बुडालेल्या राज्यात ढकलता येते आणि मग सिद्धान्त चुकीचा ठरण्याची सोयच उरत नाही. 2024 मध्ये निन्टेंडोने दाखवलेल्या कालक्रमाच्या तक्त्यात हे दोन्ही नवे भाग तिन्ही फाट्यांपासून अलग ठेवले होते. लिंकच्या न घडलेल्या पराभवापेक्षा ही मोकळी जागा मला जास्त प्रामाणिक वाटते.