कोणतेही काम हलके नाही

अंटार्क्टिकावर १९८९ पासून भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात तेथे सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. जहाजही येत नाही. वीस-पंचवीस माणसे एका छपराखाली राहतात. कोणी हवामानाच्या नोंदी घेतो, कोणी यंत्रे सांभाळतो. स्वयंपाकी असतो; पण भांडी घासणे, केर काढणे ही कामे सगळे आळीपाळीने करतात. त्यात शास्त्रज्ञही आले आणि डॉक्टरही. त्यामुळे कोणाचा मान कमी होत नाही. उलट ती लांबलचक रात्र एकमेकांच्या सोबतीने सरते.

माझ्या मते, कोणतेही काम हलके नसते. ते दुसऱ्यावर ढकलणे मात्र हलकेपणाचे असते. जेवणानंतर तुमचे ताट कोण उचलते? आई की बहीण? आजपासून ते तुम्हीच उचला आणि घासा.