सहा फुटांचं टेबल आणि हलव्याचे दागिने

संक्रांत जानेवारीत असली तरी तिची लगबग डिसेंबरातच सुरू होते. विक्री-प्रदर्शनांची नोंदणी सुरू झाली की घरच्या-शेजारच्या मुलींचे फोन येऊ लागतात, "मावशी, स्टॉल घेतलाय. मांडू कसा?" कुणाचे क्विलिंगचे कानातले, कुणाच्या खणाच्या पर्सेस, कुणाच्या रंगवलेल्या पणत्या. वस्तू सगळ्या छोट्या, म्हणून अडचणही सगळ्यांची एकच. सहा बाय दोनच्या टेबलावर त्या नुसत्या पसरल्या तर चार पावलांवरून काहीच दिसत नाही. म्हणून या वेळच्या गप्पा स्टॉलच्या. उदाहरण घरचंच घेते. गेल्या वर्षी इथे इंदुरात माझ्या भाचीने आणि आमच्या काकूंनी हलव्याच्या दागिन्यांचा स्टॉल लावला होता.

नव्या पिढीसाठी थोडं सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालतात. लहान मुलांना बोरन्हाणाला हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, बासरी असा साज असतो. हा हलवा म्हणजे गाजराचा नव्हे. परातीत तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवायची, साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. थंडी चांगली असेल तर दाण्याला काटा येतो. मग तो दाणा दाणा जरीच्या कागदावर नि दोऱ्यावर बसवायचा. काकू हे चाळीस वर्षं करत आहेत. गोतावळ्यातल्या प्रत्येक सुनेने आणि नातवंडाने तो साज घातला, पण त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, कुणी विचारलेही नाहीत. गेल्या वर्षी बोटं दुखू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता हा शेवटचा हलवा. कोण बसतंय एवढं?" भाची म्हणाली, "मी बसते, काकूआजी. पण यातून काही सुटतं का, ते एकदा बघू या."

म्हणजे टेबल मांडण्याआधी हिशोब मांडला. बोरन्हाणाच्या एका साजाला साखर, तीळ, पुठ्ठा, जरी, खोकं मिळून १४० रुपये. वेळ सहा तास. ताशी ७० रुपये धरले तर ४२० झाले. स्टॉलचं भाडं १५०० आणि साज २०, म्हणजे एकावर ७५. एकूण ६३५. भाचीने किंमत ६५० ठरवली. काकूंना ३०० सुद्धा जास्त वाटत होते. "साखरच तर आहे," त्यांचं म्हणणं. शिवाय साठ रुपयांच्या नथी नि कानातले ठेवले. त्यांचा हिशोब वेगळा. सगळ्यांनाच मोठा साज नको असतो, पण हातात काहीतरी घेऊन जावंसं वाटतं.

मग घरच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत तालीम झाली. ही पायरी कुणीही गाळू नका. प्रदर्शनातलं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं. उभ्या माणसाची नजर त्याच्या वरून निघून जाते. म्हणून मागच्या बाजूला खोकी, उलटे डबे आणि देवघरातला पाट ठेवून तीन पायऱ्या केल्या. खाली साधी काळी चादर, पुढून थेट जमिनीपर्यंत, म्हणजे टेबलाखालचं सामान दिसत नाही. पायऱ्यांवर काकूंची जुनी काळी माहेश्वरी, तिचा काठ पुढे येईल अशी. काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसतो आणि संक्रांतीचा रंगही साधतो.

सगळ्यात वरच्या पायरीवर, नजरेच्या उंचीला, एक मोठी बाहुली बसवली आणि तिला मुकुटापासून बासरीपर्यंत पूर्ण साज चढवला. वस्तू अंगावर घालायची असेल तर ती घातलेलीच दाखवा. खोक्यातला मुकुट बघून लोकांना केकची सजावट वाटते, बाहुलीच्या डोक्यावर बघून नातू आठवतो.

मालाचा स्वभावही ओळखावा लागतो. हलव्याचे शत्रू दोन, ओल आणि मुंग्या. म्हणून जागा मागतानाच भाचीने आयोजकांना सांगितलं की खाण्याच्या स्टॉलशेजारी नको. गरम कढईची वाफ लागली की हलवा चिकटायला लागतो. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. चादर खालपर्यंत असल्याने त्या दिसल्या नाहीत. सभागृहात ट्यूबलाइट उंच असतात, मागच्या पायऱ्यांवर सावली पडते. म्हणून घरून दोन एलईडी दिवे आणि लांब वायरचा बोर्ड नेला. तापणारे जुने बल्ब साखरेजवळ नकोत. दिव्याचा उजेड मालावर पडायला हवा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत नव्हे.

किमतीची चिठ्ठी प्रत्येक वस्तूला लावा. पुष्कळ माणसं भाव विचारायला संकोचतात आणि पुढे निघून जातात. चिठ्ठ्या मराठीत नि हिंदीत, दोन्ही हव्यात. आपल्या गावात निम्मं गिऱ्हाईक हिंदी बोलणारं. दिवसभरात सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "दीदी, ये खाने का है या पहनने का?" त्यासाठी सुट्या हलव्याची वाटी समोरच होती. दागिना घालायचा, हा खायचा. चव घेतलेला माणूस दोन मिनिटं थांबतोच. सुट्टे पैसे आधी जमवा, क्यूआरचा कागद उभा राहील असा लावा आणि सभागृहात नेटवर्क येतं का हे आदल्या दिवशीच जाऊन बघा. ऑर्डरसाठी वही आणि निम्मे पैसे आगाऊ.

घासाघीस होणारच. एक बाई बराच वेळ साज हातात धरून होत्या. "शक्कर ही तो है, तीन सौ में दे दो." काकू 'द्या' म्हणायच्या बेतात होत्या. भाचीने वाद घातला नाही. शेजारी काकू हार ओवत बसल्या होत्या, तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ये हार चालीस मिनट से चल रहा है, अभी आधा हुआ है." बाई काकूंच्या हातांकडे बघत राहिल्या. साज त्यांनी घेतला नाही, एक नथ घेतली, साठ रुपये पूर्ण दिले आणि गेल्या. भाव मात्र दिवसभर ६५०च राहिला.

संध्याकाळपर्यंत १३ साज गेले, ५ साजांची ऑर्डर आली. म्हणजे १८ साजांचे ११,७०० रुपये. त्यातून वीस साजांचा माल २८०० आणि भाडं १५०० वजा केले तर ७,४०० उरले. वीस साजांना १२० तास लागले होते, म्हणजे ताशी साधारण ६२ रुपये. ठरवलेल्या सत्तरपेक्षा कमीच. फार मोठी कमाई नाही, पण घाटाही नाही. उरलेले दोन साज घरच्याच बाळांना गेले.

भाचीने निम्मे पैसे पाकिटात घालून काकूंना दिले. त्यांनी आधी हात मागे घेतला, "घरातल्या घरात पैसे कसले?" पाकिटात हिशोबाचा कागदही होता. कोणत्या दागिन्याला किती मिनिटं, सगळं लिहिलेलं. पैसे तसेच ठेवून काकूंनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. मग पेन मागितलं. 'बाजूबंद, ४५ मिनिटं' असं होतं, ते खोडून त्यांनी '६०' लिहिलं. म्हणाल्या, "उगाच कमी कशाला लिहायचं?" पाकीट कपाटात गेलं. या वर्षी किंमत थोडी वाढवावी लागणार आहे, आणि भाची हलवा करायला रोज पहाटे काकूंकडे जाते आहे.

तेव्हा मुलींनो, नाव नोंदवायच्या आधी घड्याळ लावून एक वस्तू करून बघा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. आणि घरातली एखादी काकू, आजी सोबत येणार असेल तर तिच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची घरूनच न्या. सभागृहातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर सत्तरीच्या माणसाला दिवसभर बसवत नाही.