कॅमेरा घेताय? आधी उन्हात जाऊन बघा

कॉलेजच्या कट्ट्यावर सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची चलती आहे. घरच्या कपाटातून बाबांचा २००८-१० सालचा चपटा कॅमेरा बाहेर निघतो, त्याची बॅटरी कुठून तरी मागवली जाते आणि फेस्टच्या रात्री फ्लॅश मारून काढलेले फोटो स्टोरीवर झळकतात. छान आहे. फोन खिशात ठेवून कोणी फक्त फोटोसाठी वेगळं यंत्र हातात घेत असेल, तर आमची त्याला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या पायरीला. या मजेतून चस्का लागतो, मग 'जरा चांगला' कॅमेरा घ्यायचं ठरतं. शिकवण्यांचे पैसे, वाढदिवसाचे पैसे, दादाकडून उसने असं करत रक्कम जमते, आणि चार रील्स बघून ऑर्डर जाते. त्या रील्समध्ये रंग असतात, झूम असतो, उलटी फिरणारी स्क्रीन असते. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. भर दुपारी बारा वाजता या कॅमेऱ्यात तुम्हाला दिसणार काय?

आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. आपलं बहुतेक फोटो काढणं उन्हातच चालतं. रायगडाची चढण, जेजुरीची सोमवती, गावची जत्रा, मैदानावरची आंतरमहाविद्यालयीन मॅच, एनएसएसचा कॅम्प, भूगोलाची क्षेत्रभेट, सगळं दिवसाढवळ्या. आणि अशा वेळी छोट्या कॅमेऱ्याची मागची स्क्रीन आरशासारखी होते. त्यात तुमचा चेहरा दिसतो, मागचं आभाळ दिसतं, समोरचा विषय सोडून सगळं दिसतं. मग एका हाताने स्क्रीनवर सावली धरायची, दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, आणि घरी जाऊन बघायचं की काय आलंय ते. जेजुरीला भंडारा उधळला जातो तो क्षण तुमच्या स्क्रीनसाठी थांबत नाही.

यामागचं गणित सोपं आहे. भर उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. त्या उन्हात धरलेल्या पांढऱ्या कागदाचा उजळपणा पंचवीस-तीस हजार निट भरतो. निट हे उजळपणा मोजायचं एकक. छोट्या कॅमेऱ्यांच्या स्क्रीन मात्र काही शे निटांच्या असतात. त्यात उन्हाने तुमच्या डोळ्याची बाहुली आकसलेली, त्यामुळे स्क्रीन आहे त्याहून काळी वाटते. फोन कंपन्यांनी यावर उजळपणा वाढवत नेण्याचा उपाय काढला. २०२२च्या आयफोन १४ प्रोची स्क्रीन उन्हात २,००० निटांपर्यंत जाते. म्हणून फोनवर हा त्रास फारसा जाणवत नाही, आणि कॅमेरा घेताना तो लक्षातही येत नाही.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, हे भांडण वेगळ्याच पद्धतीने मिटवतो. तो उन्हाशी स्पर्धा करत नाही, उन्हाला बाहेरच ठेवतो. जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं खुपसायचे, त्याचीच ही खिशात मावणारी आवृत्ती. आजी-आजोबांच्या पिढीकडे असलेल्या, बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीलाही ही खिडकी होती. स्वस्तातल्या स्वस्त रोलच्या कॅमेऱ्यालाही असायची, कारण तिच्याशिवाय नेम धरणारच कसा? डिजिटलमध्ये मागे स्क्रीन आली आणि कंपन्यांना वाटलं, खिडकी काढली तर जागा वाचेल, खर्च वाचेल. हे अजून चालू आहे. पॅनासॉनिकच्या टीझेड९५ला व्ह्यूफाइंडर होता; त्याच्या जागी २०२५ साली आलेल्या टीझेड९९मधून तो गायब झाला. सोशल मीडियावर ज्याच्या नावाने उड्या पडतात त्या कॅनन जी७ एक्स मार्क थ्रीला तो नाही, सोनीच्या झेडव्ही-१ला नाही, रिको जीआर थ्रीलाही नाही. कॅमेरे वाईट आहेत असं कोणी म्हणत नाही. कॅफेत, संध्याकाळी, व्लॉगसाठी ते उत्तमच. पण तुमचा विषय उन्हात असेल तर ते तुमचे नाहीत, हे आम्ही स्पष्टच सांगू.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, भरपूर फोटो काढायचे, नंतर क्रॉप करायचं." उजेडाच्या बाबतीत अंदाजपंचे चालतं, हे खरं. स्वच्छ उन्हासाठी जुना नियम आहेच: आयएसओ १०० असेल तर एफ/१६ ला शटर १/१०० च्या आसपास. छोट्या कॅमेऱ्यांचं छिद्र बहुधा एफ/१६ पर्यंत जातच नाही, तेव्हा एफ/८ आणि १/४०० धरा, तेवढाच प्रकाश आत येतो. इथवर स्क्रीन न बघताही जमतं. पण चौकटीचा अंदाज बांधता येत नाही. रुंद कोनात एखादं डोकं कापलं गेलं तर निभावतं. तीसपट झूम लावून हात लांब धरलात, तर कॅमेरा जरासा हलला तरी बॉलर चौकटीबाहेर आणि फोटोत नुसती साइटस्क्रीन. डोळ्याला लावलेला कॅमेरा भुवईवर टेकतो, कोपरं बरगड्यांना चिकटतात, हात आपोआप स्थिर होतात. लांबच्या झूमला हा फायदा स्क्रीन दिसण्याइतकाच मोठा.

(एक गोष्ट जाता जाता. कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस समोरच्याला दिसतो. आपला फोटो निघतोय हे त्याला कळतं, तो मान हलवून 'नको' म्हणू शकतो. छातीशी फोन धरून गुपचूप टिपण्यापेक्षा हे केव्हाही बरं.)

आता खिडक्याही दोन प्रकारच्या. पहिली नुसत्या काचेची. कॅननचे जी१०, जी११, जी१२ हे २००८ ते २०१० मधले कॅमेरे, किंवा फुजीफिल्मचा २०११चा एक्स१०. बॅटरी खात नाही, चित्र अडखळत नाही. पण काचेची खिडकी लेन्सच्या बाजूला असते, त्यामुळे जवळच्या वस्तूचा नेम चुकतो आणि फोकस कुठे लागला ते दिसत नाही. कॅननच्या या खिडक्यांत तर फोटोच्या चौकटीचा साधारण तीन चतुर्थांश भागच दिसतो. फुजीच्या एक्स१० मध्ये सुमारे ८५ टक्के. तरीही दिवसभर मॅच टिपायची आणि खिसा हलका असेल तर ही वाईट सोय नाही.

दुसरी इलेक्ट्रॉनिक. आत एक चिमुकली स्क्रीन, लेन्सला दिसतं तेच तुम्हाला दिसणार, उजेड कमी-जास्त झालेला फोटो काढायच्या आधीच कळणार. सोनीने २०१४ साली आरएक्स१०० मार्क थ्रीमध्ये ती वर उसळणाऱ्या पेटीत बसवली आणि खिशातला कॅमेराही उन्हात वापरता येतो हे दाखवून दिलं. घेताना मात्र 'व्ह्यूफाइंडर आहे' एवढं वाचून भुलू नका, त्याचे बिंदू विचारा. पॅनासॉनिकच्या टीझेड६०ला तो आहे, पण जेमतेम दोन लाख बिंदूंचा; मच्छरदाणीतून बघितल्यासारखं वाटतं. पुढच्याच वर्षीच्या टीझेड७०मध्ये तो साडेअकरा लाखांवर गेला. आरएक्स१०० मार्क थ्रीचा चौदा लाखांचा, मार्क फोरपासून पुढे तेवीस लाखांचा. दहा लाखांच्या खाली जाऊ नका, असं आमचं मत. फुजीच्या एक्स१०० मालिकेत काच आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही मिळतात, पण झूम नाही, आणि नवा एक्स१००व्हीआय दीड लाखाच्या पुढे जातो. तो विद्यार्थ्याच्या बजेटचा विषय नव्हे.

आमचा कल उघड आहे. खिडकी नसलेल्या नव्या कॅमेऱ्यापेक्षा खिडकी असलेला वापरलेला कॅमेरा घ्या. आरएक्स१०० मार्क थ्री किंवा टीझेड७० च्या काळातलं काही चांगल्या अवस्थेत मिळालं तर मेगापिक्सेलचा विचारही करू नका. रिकाम्या खोलीत स्टुडिओ दिव्याखाली काढलेल्या नमुना फोटोंनी हुरळून जायचं कारण नाही, तुम्ही तिथे फोटो काढणार नाही आहात.

चष्मा असेल तर आणखी जपून. खिडकीशेजारी एक बारकी चकती किंवा खटका असतो, त्याने तुमच्या नंबरप्रमाणे चित्र स्पष्ट करता येतं. विक्रेते हे क्वचितच सांगतात, आणि मग 'धूसर दिसतं' म्हणून चांगला कॅमेरा नाकारला जातो. चष्मा घालूनच बघणार असाल तर चारही कोपरे एकदम दिसतात का ते तपासा, कारण चष्म्याने डोळा लांब राहतो. पोलराइज्ड गॉगल घालून बघायला गेलात तर काही स्क्रीन एका बाजूने साफ काळ्या पडतात. तो कॅमेऱ्याचा दोष नाही.

मुंबईत फोर्टात, सीएसएमटीजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या कॅमेरावाल्याकडे जाल तेव्हा संध्याकाळी जाऊ नका, दुपारी जा. काउंटरवर, ट्यूबलाइटखाली सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. "काका, जरा बाहेर बघू का?" म्हणा. मित्राला दुकानात बसवून ठेवा, म्हणजे काकांचाही जीव भांड्यात. फुटपाथवर ऊन पाठीवर घेऊन उभे राहा, कारण त्याच वेळी स्क्रीनवर सर्वाधिक ऊन पडतं. आता पूर्ण झूम लावून समोरच्या टोकाची पाटी वाचा, एकदा स्क्रीनवर, एकदा खिडकीतून. उसळणारी पेटी असेल तर पाच-सहा वेळा वर-खाली करून बघा, ती अडकत असेल तर सोडून द्या. शेवटी खिडकीतून एखादी पांढरी भिंत बघा. तिथे पिवळट किंवा काळा डाग जागचा हलत नसेल, तर आधीच्या मालकाने कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर खिडकी सूर्याकडे करून ठेवलेला असणार. त्या छोट्या भिंगातून आत गेलेल्या उन्हाने स्क्रीन जळते, आणि तो डाग पुसून जात नाही.