पडद्यावरील तालीम

मारामारीचे व्हिडिओ गेम मुलांस बिघडवितात, अशी पुष्कळ पालकांची तक्रार असते. सर्वच खेळांची वकिली आम्ही करीत नाहीं. परंतु 'शेनमू'च्या दुसऱ्या भागाविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

जपानांतील सेगा कंपनीचे यू सुझुकी यांनीं या खेळाचा पहिला भाग सन १९९९ मध्यें व दुसरा २००१ मध्यें सिद्ध केला. पित्याचा वध करणाऱ्याच्या शोधांत ऱ्यो हा तरुण दुसऱ्या भागांत हाँगकाँगास येतो. मारामारी त्यांत आहेच. पण अनोळखी शहरांत त्यास वाटसरूंस पत्ता विचारावा लागतो, पैशासाठीं पेट्या वाहाव्या लागतात. आमच्या गांधीबागेंतील कापडबाजारांत गाठी वाहणारे हमाल ज्यानें पाहिले आहेत, त्यास या श्रमाचें मोल निराळें सांगावयास नको. पुढें देवळांतील श्यूयिंग ही स्त्रीगुरु त्यास झाडावरून गळणारीं पानें झेलावयास लावते आणि सूडाच्या मार्गापासून परावृत्त करूं पाहते. मूठ उगारण्यापूर्वीं मन आवरावें लागतें, हेंच आमच्या मतें या भागाचें खरें आकर्षण होय. कथा अपुरी राहिली, तरी चाहत्यांनीं २०१९ मधील तिसऱ्या भागाची अठरा वर्षें वाट पाहिली, तें उगाच नव्हे.

तथापि पडद्यावरचें पान बटणानें झेलतां येतें. स्वतःचा राग तसा झेलतां येत नाहीं. त्यासाठीं, बालमित्रहो, आखाड्याची माती अंगास लागलीच पाहिजे. आणि पालकांनींहि खेळ हिसकावण्यापूर्वीं मुलाशेजारीं घटकाभर बसून तो पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.