मोजमाप नाकारू नका, तपासा

‘मानववंशशास्त्र म्हणजे नाके मोजण्याचा साहेबी उद्योग, त्यात विज्ञान कसले?’ असा सवाल करणारे पत्र गेल्या रविवारी वाचले. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांच्या मोजमापांवरचा पत्रलेखकाचा राग रास्त आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

नाक जितके रुंद तितकी जात खालची, हा रिस्ले यांचा सिद्धान्त शास्त्रीय पडताळणीनेच मोडीत निघाला. मुंबई विद्यापीठाच्या गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या ग्रंथात रिस्ले यांचेच आकडे पुन्हा तपासले. नाकाची ठेवण आणि जातीची उतरंड यांचा मेळ देशभर बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजल्या होत्या. गोऱ्यांच्या कवटीतील विषमता त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे कर्वे यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर मानत. बाईंना वंशानुसार तसा फरक आढळला नाही आणि त्यांनी तसेच प्रबंधात लिहिले.

अशा पडताळणीला संस्थांचाही आधार लागतो. मुंबईत १८८६ मध्ये मानववंशशास्त्राची सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकातले सगळेच आज टिकणार नाही. परंतु निबंध छापला जातो, म्हणूनच पुढच्या पिढीला तो खोडता येतो. अशा संस्थांचे मोल इथेच आहे.

आमच्या कांजूरमार्गला मिठागरे, जुने गावठाण आणि नवे टॉवर शेजारी शेजारी आहेत. ‘ती माणसे तशीच’ असे इथे सर्रास ऐकू येते. त्याला पुराव्यानिशी उत्तर देणारे शास्त्र आपल्याला हवेच आहे. विद्यापीठांनी ते मराठीतून लोकांपर्यंत पोहोचवावे.

– एक वाचक, कांजूरमार्ग (पूर्व)