‘काहीच न करणारा’ वायू आणि मागच्या बाकावरचा प्रश्न

सहावीला ‘हवेचे घटक’ शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो: नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, अरगॉन जेमतेम १ टक्का. अरगॉन निष्क्रिय. संपलं, पुढचा मुद्दा.

एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तो काहीच करस नही, मंग हवामा कसाले शे?” वर्ग हसला. आणि मी काय म्हणालो? “आधी शुद्ध मराठीत विचार.” त्याने परत विचारलंच नाही. चूक माझी होती.

नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं की प्रश्न भारी होता. अरगॉन उणे १८६ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो. या द्रवातून एखादा विद्युतभारित कण धावत गेला की वाटेतले अणू उत्तेजित होतात, शेजारच्या अणूशी क्षणभर जोडी करतात आणि जोडी तुटताना प्रकाशाची चमक सोडतात. म्हणजे रसायनाच्या भाषेत ‘निष्क्रिय’ असलेला हा वायू चमकतो! पण त्या चमकेची तरंगलांबी साधारण १२८ नॅनोमीटर. आपला डोळा पाहतो साधारण ४०० ते ७००. म्हणून दिसत नाही.

त्यात नायट्रोजन मिसळला तर चमक आणखी मंदावते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत न्यूट्रिनोच्या प्रयोगासाठी अरगॉनची प्रचंड टाकी आहे. तिच्यात चुकून नायट्रोजन शिरला होता. २०२० मध्ये तिथे झेनॉन मिसळला, दहा लाख भागांमागे वीससुद्धा नाही. झेनॉनचे अणू अरगॉनकडून ऊर्जा घेतात आणि सुमारे १७५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात. तो द्रवात कमी विखुरतो, लांबवर पोचतो. वाया जाणारा बराचसा प्रकाश परत हाती आला.

मुलांना हे कसं सांगायचं? जुनी ट्यूबलाइट दाखवा. आत पाऱ्याची वाफ अतिनील प्रकाश सोडते, काचेवरचा पांढरा लेप तो दिसणारा करतो. अरगॉनच्या टाकीतही शेवटी असाच लेप लागतो, कारण झेनॉनचा प्रकाशही डोळ्याला दिसत नाहीच.

आणि हे सगळं परदेशातलंच नाही बरं का. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी-ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोल, न्यूट्रिनोच्या खुणा टिपल्या. तिथे अरगॉन नव्हता, चमकणारं प्लॅस्टिक होतं. तत्त्व तेच.

तुम्ही म्हणाल, हे अभ्यासक्रमात नाही, आणि ऑनलाइन माहिती भरता भरता वेळ कुठे उरतो? मान्य. पण पाच मिनिटं पुरतात. त्या वेळी उत्तर येत नसेल तर “उद्या शोधून सांगतो” एवढं तरी म्हणता येतं. जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या कितीतरी मुलांचा पहिला प्रश्न अहिराणीतच येणार. तो आधी ऐकावा, उत्तर द्यावं, मग प्रमाण मराठीतले शब्द जोडावेत. भाषा नंतर सुधारता येते, पण विचारणंच थांबलं तर ते परत आणणं फार अवघड. पालकहो, घरीही एवढंच करा.

आता मी फळ्यावर ‘निष्क्रिय’ लिहिलं की पुढे लिहितो: “सहसा कोणाशी संयोग पावत नाही. पण चमकतो.” आणि मग मागच्या बाकाकडे बघतो.